हवालदार मुजावरांचं कणीस

हवालदार मुजावर माणसाला आधी नाव विचारत नसत, धंदा विचारत. मोडलेलं माणूस स्ट्रेचरवरून प्लास्टरच्या खोलीत आलं, की हातातलं काम न थांबवता ते म्हणत, "काय करता?"

माणूस विव्हळत म्हणे, "मेलो, मेलो!"

"त्ये दिसतंय. पर कामधंदा काय?"

म्हशीची धार काढणारा असला तर त्याची बोटं कशी मोकळी ठेवायची, मागावर बसणारा असला तर मनगट कुठल्या कोनात बांधायचं, हे त्यांचं गणित त्या उत्तरावर चाले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "हायस्कुलात शिक्षक आहे. इंग्रजी शिकवतो, थोडा भूगोल."

हवालदारांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मास्तर? मग पाय न्हाई चालला तरी चालतंय. तोंड तेवढं मोकळं ठेवतो."

आणि त्यांनी शब्द पाळला. बरगड्यांपासून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत आणि उजव्या गुडघ्यापर्यंत मला त्यांनी पांढऱ्या दगडात बसवलं. तोंड मोकळं ठेवलं, हीच त्यांची चूक. पुढचा सगळा घोटाळा त्या तोंडानंच केला.

मूळचा मी साताऱ्याचा. मोठा दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली होती तेव्हा नोकरीनिमित्त सांगलीत होतो. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी मुलांना तारे दाखवायची मला हौस आली. शाळेच्या गच्चीवर मुलं गोळा केली. सप्तर्षींची शेपटी वाकवत स्वातीवर आणली, तिथून पुढं चित्रेवर. "ही चित्रा," मी म्हणालो. "हिला इंग्रजीत स्पायका म्हणतात." एक पोरगा म्हणाला, "सर, ती पाण्याच्या टाकीवरची बत्ती आहे." मी म्हणालो, "टाकीच्या मागं आहे चित्रा. थांब, दाखवतो." टाकी आड येऊ नये म्हणून मी एक पाऊल मागं गेलो. मग दुसरं. त्या गच्चीला कठडा तीनच बाजूंना होता.

मांडीचं हाड मोडलं. आधी दीड महिना पायाला वजनं टांगून झाली आणि मग डॉक्टर म्हणाले, "आता हवालदार तुम्हाला स्पायका घालतील."

मी दचकलो. "काय घालतील?"

"स्पायका. कमरेपासून पायापर्यंतच्या प्लास्टरला स्पायका म्हणतात."

"पण स्पायका तर तारा आहे!"

"असेल," डॉक्टर म्हणाले. "आमच्यात प्लास्टर आहे."

त्यावर कळस म्हणजे माझ्या कॉटवरची चादर. ती माधवनगरच्या कुठल्याशा मिलची होती आणि तिच्या कोपऱ्यावर निळा शिक्का होता: चार टोकांची चांदणी आणि खाली अक्षरं, 'स्पायका'. म्हणजे मी स्पायकामुळे पडलो, स्पायकात अडकलो आणि स्पायकावर झोपलो. एक शब्द माणसाच्या इतका मागं लागतो, म्हणजे त्याचं आपल्याकडं काहीतरी काम असणार, असं मला वाटायला लागलं.

घरी जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही राहायचो माडीवर, आणि जिन्याच्या वळणावर मी वळेना. दोनदा नेऊन पाहिलं. दुसऱ्या खेपेला खालचे भाडेकरू म्हणाले, "वहिनी, यांना उभे करून न्या," आणि आमच्या सौभाग्यवती सुमनताई म्हणाल्या, "नको, ठेवून येते परत." कपाट परत करावं तसं मला त्यांनी इस्पितळात परत केलं.

त्यामुळे हवालदार मुजावरांचा मला भरपूर सहवास घडला. वय पन्नाशीच्या पुढं, मूळ गाव जतच्या बाजूचं, काळा-सावळा सडपातळ माणूस. मिशीतला कोणता पांढरा रंग केसांचा आणि कोणता भुकटीचा, हे सांगता येत नसे. फौजेत दवाखान्याच्या तुकडीत वीस वर्षं काढलेली. सकाळी ते फरशीवर मांडी घालून बसत, जाळीच्या कापडाच्या लांब पट्ट्या पसरत आणि त्यात प्लास्टरची भुकटी तळहातानं चोळत, गुंडाळत. शेवया करणारी बाई जशी कुणाशी बोलत नाही, तसे ते त्या वेळी बोलत नसत. पाणी कोमट आहे का हे कोपर बुडवून बघत. प्लास्टर वाळलं की त्यावर बोटाच्या पेरानं टक् टक् करून कान लावत आणि म्हणत, "पिकलं." नाहीतर, "कच्चं हाय. पंखा लावू नका. हाडाला घाई चालत न्हाई."

हुकूम मात्र ते माणसाला देत नसत, थेट अवयवाला देत. "डावा पाय, सावधान! उजवा पाय, विश्राम! मान, मदी बोलू नको!" आणि गंमत अशी, की पाय ऐकायचे.

माझ्या दोन पायांमध्ये, प्लास्टर पक्कं राहावं म्हणून, त्यांनी एक आडवा दांडा बसवला होता. त्याला धरून कुणी मला उचलू नये अशी सक्त ताकीद होती. सुमननं पहिल्याच दिवशी त्यावर डब्याची पिशवी अडकवली. हवालदार आले, पिशवीकडं पाहिलं. "वैनी, पंचा वाळत घातला तरी चालंल. पर वजन नगं. मास्तर हायेत, खुंटी न्हवं."

"फरक काय आहे?" सुमन म्हणाली.

"खुंटी गप बसती," हवालदार म्हणाले.

तर, एका दुपारी मी त्यांना विचारलं, "हवालदार, स्पायका म्हणजे काय हो?"

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. "खरं सांगू? फौजेत सुभेदारसाबाला ईचारलं हुतं. साब म्हनला, 'पूछो मत, बांधो.' म्हनून बांधत आलो. पर मी आपला त्याला कणीस म्हनतो."

"कणीस?"

"व्हय. कंबर आसू दे न्हाईतर खांदा, येढं त्येच. ह्ये बघा की." त्यांनी एका कोरड्या पट्टीचे माझ्या खांद्याभोवती चार वेढे घातले, एकावर एक तिरपे, प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकणारा. मधोमध एक रेघ तयार झाली आणि दोन्ही बाजूंना दाण्यासारख्या ओळी. "दिसतंय न्हवं? आमच्याकडं गव्हाची ओंबी अशीच असती. पेशंटाला स्पायका म्हटलं की त्यो भितो. कणीस बांधतो म्हटलं की गप पडतो. सगळा जत तालुका त्याला कणीसच म्हनतो."

आता इथं शहाण्या माणसानं "वा!" म्हणून कूस वळवली असती. मला कूस वळवता येत नव्हती, आणि शहाणा तर मी नव्हतोच. मी हसलो. हसलो, आणि वर म्हणालो, "हवालदार, कणीस कसलं! हे लॅटिन आहे, लॅटिन! थांबा, शोधून सांगतो."

सुमनला सांगून घरून इंग्रजीचा खिशातला कोश मागवला. त्यात स्पायका नव्हतं. त्याच्या शेजारचं 'स्पाइक' होतं. अर्थ: टोकदार खिळा. बस्स. माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. आकाशात ठोकलेला चमकता खिळा तो तारा. आणि हाड जागच्या जागी खिळवून ठेवतं ते प्लास्टर. चादरीवरच्या चांदणीची टोकं खिळ्यासारखीच होती! इतकी सुंदर उपपत्ती मला आयुष्यात पुन्हा सुचलेली नाही, आणि ती संपूर्ण चुकीची होती.

हवालदारांनी ती मान डोलावत ऐकली. "खिळा?" ते हळूच म्हणाले.

"खिळा."

"कणीस न्हाई?"

"नाही हो. खिळा."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "इतकी वर्सं लोकांस्नी चुकीचंच सांगत हुतो म्हना की."

त्यांनी त्या दिवसापासून शब्द बदलला. दुसऱ्याच दिवशी उसाच्या गाडीवरून पडलेला, आडदांड अंगाचा एक शेतकरी प्लास्टरच्या खोलीत आला. दार उघडं होतं आणि माझी कॉट समोर होती. हवालदारांनी कापूस गुंडाळला, पहिली ओली पट्टी फिरवली आणि त्याला धीर द्यायला म्हणाले, "भिऊ नगं, पावणं. फकस्त खिळा मारतोय."

"कुठं?"

"खांद्यात."

तो गडी उठला तो कापसासकट बाहेर. मागून ओली पट्टी उलगडत चालली होती, आणि तिचं दुसरं टोक हातात धरून हवालदार, "खांदा, थांब! खांदा, सावधान!" करत धावत होते. खांदा थांबला, पण एसटी स्टँडवर. परत आणायला दोन वॉर्डबॉय लागले. त्या संध्याकाळी हवालदार माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "खिळा बरोबर आसंल, मास्तर. पर मानसाला लागतोय."

मला तेव्हाही कळायला हवं होतं.

कारण त्याच सुमारास त्यांच्या नोकरीवर आलं होतं. इस्पितळाच्या मंडळींनी ठराव केला होता, की प्लास्टरच्या खोलीत यापुढं प्रमाणपत्र असलेलाच माणूस राहील. परीक्षा घ्यायला एक निवृत्त सिव्हिल सर्जन बाहेरगावाहून येणार होते. पास झाले तर हवालदार आपल्या जागी राहणार. नाहीतर त्यांना फाटकावर बसवणार, वॉचमन म्हणून. दांडकं हातात देऊन. एरवी कशाची फिकीर न करणारा हा माणूस त्या दांडक्याला भ्यायला होता. "मास्तर, हात बांधायचं इसरंल," असं तळहात बघत एकदाच म्हणाले.

हातकामाची मला चिंता नव्हती. तोंडी दहा प्रश्न होते आणि त्यातले सहा यायला हवे होते. इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण 'का' विचारलं की ते गडबडत. मी त्यांची तयारी करून घेतली. प्लास्टर ऑफ पॅरिसमधलं पॅरिस हे पंजाबात कुठंतरी आहे, हा त्यांचा समज मी दूर केला. आणि "स्पायका या नावाचा अर्थ काय?" हा प्रश्न येणारच, असं बजावून 'खिळा' त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला.

प्रश्न आलाच.

परीक्षा झाली त्या दुपारी हवालदार बाहेर आले आणि सरळ पट्ट्या चोळायला बसले. कंपाउंडरनं येऊन मला सांगितलं, "हातकाम बघून साहेब खूश झाले. पण तोंडीत पाच आले. एकानं गेला."

त्याच दिवशी सुमन कॉलेजच्या लायब्ररीतून एक जाडजूड लॅटिनचा कोश घेऊन आली. मी आठवड्यापूर्वी सांगून ठेवला होता, हौस. तो माझ्या पोटावरच्या प्लास्टरवर उघडा ठेवला. स्पिका, म्हणजे इंग्रजी उच्चारात स्पायका: धान्याचं कणीस, ओंबी. खाली बारीक अक्षरांत: कन्या राशीच्या मूर्तीच्या हातात कणीस असते, त्या जागीचा तेजस्वी तारा. त्याखाली: वेढे कणसातल्या दाण्यांसारखे पडतात अशी बांधण्याची पट्टी.

इंग्रजीतल्या 'स्पाइक'लासुद्धा दोन अर्थ होते, खिळा आणि कणीस. माझ्या खिशातल्या कोशात एकच मावला होता.

सुमननं वाकून वाचलं. "म्हणजे ते बरोबर होते?"

"हो."

"आणि तुम्ही त्यांना चूक शिकवलंत."

"दहा वेळा," मी म्हणालो.

तिनं कोश मिटला. मग म्हणाली, "आता तोंड मोकळं आहे ना? मग जाऊन सांगा."

साहेब सकाळच्या गाडीनं जाणार होते आणि पेठेपलीकडच्या सरकारी बंगल्यात उतरले होते. सकाळी सातला मी दोन वॉर्डबॉयना पटवलं. त्यांनी मला स्ट्रेचरवर घेतलं. मी सगळाच पांढरा. वर सुमननं धूळ नको म्हणून पांढरी चादर टाकली, तीच ती शिक्क्याची. कोश छातीवर धरायला मी दोन्ही हात जोडून घेतले. निघालो.

पहिल्या चौकात एका हॉटेलवाल्यानं रेडिओ बंद केला. सायकलवाले उतरून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. फुलवालीनं मूठभर झेंडू टाकला, त्यातलं एक फूल माझ्या नाकावर पडलं आणि मी शिंकलो. "आगं आई गं!" म्हणून तिनं टोपली टाकली. मी हात हलवून म्हणालो, "काही नाही बाई, परीक्षेच्या कामाला चाललोय." त्यानं तिला बरं वाटलं असेल असं वाटत नाही.

मागून पावलं ऐकू आली. हवालदार धावत येत होते. "आवं मास्तर! दांडा धरून उचललं त्येंनी, दांडा! प्लास्टर तडकंल! कुठं न्यायलेत तुमास्नी?"

"तुमच्या मार्काला," मी म्हणालो.

व्हरांड्यात साहेब चहा घेत होते. ते उठून उभे राहिले. "बॉडी इथं कशाला आणली? सिव्हिलला न्या!"

"साहेब, मी जिवंत आहे," मी म्हणालो. "आणि चूक माझी आहे." मग पडल्या पडल्या सगळं सांगितलं: तारा, चादर, खिशातला कोश, खिळा. जाडा कोश पुढं केला.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. माणूस कडक होता. "अर्थ बरोबर आहे. माझ्या उत्तरांच्या यादीत मी हाच धरला होता. पण यांना तो आधीपासून माहीत होता, हे मी कशावरून मानू? तुम्ही त्यांचे दोस्त दिसता. काल रात्री कोश उघडलात, आज सकाळी गोष्ट तयार केलीत."

हवालदार म्हणाले, "साब, सोडा. मास्तरांस्नी आत घ्या, उन्हं यायलीत. माजं काय, फाटकावर सावली हाय."

मला एकदम सुचलं. "साहेब, मला विचारू नका. यांनाही विचारू नका. वॉर्डात चला आणि कुठल्याही पेशंटला विचारा."

साहेब घड्याळाकडं बघत, पण आले. माझी मिरवणूक त्याच रस्त्यानं उलट निघाली. मेलेला परत चाललेला पाहून हॉटेलवाल्यानं रेडिओ पुन्हा लावला. बायकांच्या वॉर्डात दाराशीच अक्कव्वा नावाची जतकडची म्हातारी होती, मेंढरानं ढुशी देऊन खांदा निखळवलेली. तिच्या खांद्यावर वेढे होते. साहेबांनी विचारलं, "आजी, हे काय बांधलंय?"

"आता तुमी डागतर, आन् मला ईचारता व्हय?" अक्कव्वा म्हणाली. "कणीस हाय की."

"कणीस? कुणी सांगितलं?"

"ज्यानं बांधलं त्यानं. माज्या ल्योकाच्या पायाला तीन वर्सामागं बांधलं हुतं, तवा बी कणीसच हुतं. पर अप्पा, ह्या आठ-चार दिसांत त्येचं डोस्कं फिरलंय बघा. खिळा खिळा करतोय. कुनी मास्तर हाय म्हनं हितं, त्यानं शिकिवलंय. आसल्या मास्तराला आधी बांधून टाका."

"बांधलंय, आजी," साहेब म्हणाले. आणि पहिल्यांदाच हसले. मग हवालदारांकडं वळले. "मग परीक्षेत कणीस का नाही म्हणालात?"

हवालदार सावधानमध्ये उभे होते. "साब, मास्तर शिकलेलं मानूस. त्येंनी पुस्तकात बघितलं. माजं काय, मी नुस्तं डोळ्यानं बघितलेलं."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, गुणांचा कागद अक्कव्वाच्या कॉटच्या कडेवर ठेवला आणि पाचाचे सहा केले.

त्यानंतर मी हवालदारांना चित्रेचं सगळं नीट सांगितलं: की ज्या ताऱ्यापायी मी पडलो, त्याच्या नावाचाच अर्थ कणीस. मला वाटलं, ते चकित होतील. ते पट्टी गुंडाळत म्हणाले, "चितरा व्हय? आमच्यात हस्त-चितराच्या पावसाच्या ओलीवरच शाळू जोंधळा पेरत्यात. मग तिच्या हातात कणीस आसंल न्हाई तर काय आसंल? तुमच्या त्या लॅटिनवाल्यांची बी शेतं आसतील की." आणि पुढच्या पेशंटकडं वळले. "काय करता?"

आणखी महिन्याभरानं त्यांनी माझं प्लास्टर कापलं. आतून एक केविलवाणा, बारीक, केसाळ पाय निघाला. हवालदारांनी त्याला "डावा पाय, विश्राम," म्हटलं आणि दोन कुबड्या माझ्या काखेत दिल्या. पुढं माझी बदली साताऱ्याला झाली आणि त्यांची-माझी गाठ पडली नाही. म्हणून तो शेवटचा दिवस मला बारकाईनं आठवतो.

दारात टांगा उभा होता. सुमन सामान लावत होती. तेवढ्यात हवालदार हातात लांबट पाकीट घेऊन आले. प्रमाणपत्र पोस्टानं आलं होतं. सगळं इंग्रजी. "मास्तर, काय लिव्हलंय?"

मी खणखणीत आवाजात वाचलं आणि मराठीत सांगितलं: हवालदार मुजावर हे प्लास्टरच्या कामाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले असून ते काम करण्यास पात्र आहेत. खाली सही, शिक्का.

"पात्र म्हंजे, मीच ऱ्हानार?"

"तुम्हीच राहणार."

त्यांनी कागद परत घेतला, पुन्हा एकदा उलटसुलट पाहिला आणि मग माझ्याकडं पाहिलं. "बरं. सांभाळून जावा. वैनी, जिन्यावर मागं ऱ्हावा, फुडं नगं." आणि गेले.

टांगा फाटकातून वळला तेव्हा मी मागं पाहिलं. इस्पितळाच्या समोर एका झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा कारकून बसायचा. हवालदार त्याच्यासमोर उभे होते. कारकुनानं कागद डोळ्यांजवळ धरला होता आणि प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत तो मोठ्यानं वाचत होता. हवालदार मान तिरकी करून, प्लास्टरला लावत तसा कान लावून ऐकत होते.

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी टांगेवाल्याच्या पाठीकडं पाहिलं.

मग मागून हाक आली. हवालदार रस्त्याच्या मधोमध उभे राहून, कागद डोक्यावर धरून ओरडत होते, "बरोबर हाय! मास्तर, बरोबर हाय!"

टांगेवाल्यानं लगाम ओढला. "काय झालं? तुमचा निकाल लागला व्हय?"

"लागला," मी म्हणालो. "पास."